अर्धी-अर्धी जीप

“आक्का, त्याला सांग, मोठा पाना माझा हाय. काम झालं की जाग्यावर ठेवायचा.”

रंगराव बॉनेटमध्ये डोकं घालून बोलत होता. ज्याला सांगायचं तो जयसिंग त्याच जीपच्या मागच्या चाकांमध्ये उताणा पडलेला. दोघांच्या मध्ये एवढीशी जीप, आणि शेजारी पडवीत शिलाई मशीनवर मी.

“जया, पाना जाग्यावर ठेव म्हणतोय,” मी म्हणाले.

“ठेवतो म्हणावं. आणि ग्रीसचा डबा त्येनं नेलाय, त्यो हिकडं सरकवायला सांग.”

“रंगू, ग्रीसचा डबा मागतोय.”

“ऐकलं मी.”

दोघांनाही सगळं ऐकू येत होतं. तरी बोलणं माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते पोचलं असं त्यांना वाटत नसे. डबा सरकवायचा तोही रंगराव माझ्याकडे सरकवणार आणि मी मशीनवरून उठून तो मागे नेऊन देणार. ती जीप पुरी होईपर्यंत मी बिनपगारी पोस्टमन होते. आज दोघांची डोकी पांढरी झालीत, नातवंडं झालीत, आणि मी हे सांगायला लागले की दोघंही उठून बाहेर जातात.

रंगराव माझ्या पाठचा आणि जयसिंग त्याच्या पाठचा. लहानपणी एका ताटात जेवले, एका सायकलवर डबलशीट शाळेला गेले. वाकडं आलं ते ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. रंगराव उभा राहिला. जयसिंग साखर कारखान्यात कामाला, आणि कारखान्याचा गट दुसरा. नोकरी राखायची म्हणून असेल नाहीतर दोस्तांच्या नादानं असेल, तो विरोधी पॅनेलचा पंचा गळ्यात घालून गल्लीबोळांतनं फिरला. रंगराव पडला, तोही हातावर मोजण्याइतक्या मतांनी. निकालाची मिरवणूक आमच्या दारावरून गेली त्यात जयसिंग होता. आपण गुलाल लावला नव्हता असं तो आजही शपथेवर सांगतो. रंगरावाला मात्र तो लालेलाल दिसला.

महिन्याभरात अंगणात भिंत उभी राहायला लागली. विटांचा पहिला थर बसला तेव्हाच आईनं गाठोडं बांधलं आणि माझ्याकडे आली. मला गावातच दिलेली. नवरा एसटीत कंडक्टर, निम्मा आठवडा मुक्कामाच्या गाडीवर. आई म्हणाली, “भिंतीच्या ह्या अंगाला जेवले तर त्या अंगाला राग, त्या अंगाला जेवले तर ह्या अंगाला. तुझ्याकडं भिंत न्हाई.” दोन-दोन मुलगे असताना आई लेकीच्या दारात, हे गावाला चघळायला पुष्कळ झालं. दोघांच्या माना खाली गेल्या, पण तोंडं काही उघडली नाहीत.

जीप आमच्या आप्पांची. लष्करानं लिलावात काढलेली त्यांनी घेतली होती. एक दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळायचा, आणि मग ती कुठल्याही चढाला तोंड द्यायची. आप्पांनी तिच्यातून गूळ नेला, अडलेल्या बाळंतिणी नेल्या, वराती नेल्या. ते गेले आणि ती उभी राहिली ती राहिलीच. वाटणीत जमीन वाटली, म्हशी वाटल्या, पातेलीसुद्धा वाटली, पण जीप कोण कुणाला जाऊ देईना. शेवटी बैल जुंपून ती माझ्या परड्यात ओढून आणली आणि माझ्या कोंबड्यांनी तिचा ताबा घेतला.

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस भैरू आमच्या दारात थांबला. डोंगरावर कासारसडा म्हणून वाडी आहे. ते आईचं माहेर. भैरू तिथून रोज खाली दूध घालायला यायचा.

“सगुणाआत्ती,” तो आईला म्हणाला, “तुमचा दादा अंथरुणाला खिळलाय. आता काय उठंल असं वाटत न्हाई.”

 दुपारी भाकरी थापताना आई म्हणाली, “शालन, मला दादाकडं जायाचंय.”

सांगायला सोपं होतं. कासारसड्याला वाट म्हणजे जंगलातली दगडगोट्यांची चढण. भाड्याच्या जीपवाल्यांना विचारलं, ते नुसते हसले. आईचे गुडघे धरलेले, अंगणातल्या तुळशीपर्यंत जाताना ती दोनदा टेकायची. माझ्या नवऱ्यानं चार गडी आणि एक खुर्ची ठरवायचं काढलं, तर तिनं त्याला उडवूनच लावलं.

“माह्यारला लोकांच्या खांद्यावरनं जाऊ? तसं मी एकदाच जाणाराय, तेबी इथनं वड्याकडं.” मग परड्याकडे बघून म्हणाली, “त्येंची गाडी जाईल. दर गौरीला त्या गाडीतनं जात हुते मी.”

“आई, त्यात कोंबड्या बसल्यात.”

“मग हाकल की.”

दुसऱ्या दिवशी तिनं दोघांनाही परड्यात बोलावून घेतलं. दोघं जीपच्या दोन अंगांना उभे राहिले. एकाचं तोंड गोठ्याकडे, दुसऱ्याचं विहिरीकडे. आई मधल्या दगडावर बसली आणि काठीनं जीपचे सरळ दोन भाग करून मोकळी झाली.

“सीट धरून पुढचं रंगूचं, सीटच्या मागचं जयाचं. इंजिन मिस्त्री बघंल. कुणी कुणाच्या हद्दीत जायाचं न्हाई. आणि गाडी झाली की मी जाणार ती दोघांबरोबर. एकटा कोण नेणार असंल तर मला जायाचंच न्हाई.”

तर अशी ती अर्धी-अर्धी जीप उभी राहायला लागली. रविवार आला की दोघं आपापली हत्यारं घेऊन यायचे. सगळी गंजलेली नटबोल्टं आईपुढे परातीत पडायची, आणि ती पाय लांब करून, घासलेटमध्ये बुडवून एकेक नट दातासारखा घासत बसायची. घासून झालेला नट पदराला पुसून उजेडात धरून बघायची. मी सीटांना रेक्झीन शिवलं, वरचा हूड कॅनव्हासचा शिवला, त्यात मशीनच्या किती सुया मोडल्या ते विचारू नका. नवरा सुट्टीला आला की पत्रा घासून रंग मारायचा. एक तांबडी कोंबडी काही केल्या ऐकेना, ती रोज येऊन ड्रायव्हरच्या सीटखाली अंडं घालून जायची. सीट रंगरावाच्या वाट्यातली, म्हणून जयसिंग म्हणायचा, “आक्का, सांग त्याला, त्याच्याकडचं निदान एक तरी काम वेळेवर हुतंय.” हे मी पोचवलं नाही. पोस्टमनलाही काही अक्कल असते.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी निम्मी गल्ली परड्यात जमली. धुरानं सगळे खोकत होते. आई मात्र दगडावर बसून डोळे मिटून तो आवाज ऐकत होती. मला तेव्हा वाटलं, आप्पांची आठवण आली असेल.

घोटाळा झाला तो चाकांच्या मधल्या गोळ्यात. जीपच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांच्या मध्ये लोखंडाचा एकेक गोळा असतो, त्याच्या पोटात दात्यांचं एक मोठं चक्र. मिस्त्री लोक त्याला क्राउन म्हणतात. रंगरावानं पुढचा गोळा उघडला तर दाते झिजून गेलेले. जयसिंगानं मागचा उघडला तर तिथंही तीच कथा. रंगराव कोल्हापूरच्या भंगारबाजारातनं क्राउन घेऊन आला, जयसिंग बेळगावहून. जाण्याआधी रंगराव मला म्हणाला होता, “त्याला विचार, मागं किती दातांचं बसवणाराय.” मी विचारलं. जयसिंग म्हणाला, “त्याला म्हणावं, तू तुझं पुढचं बघ. मागचं बघाय मी हाय.” रंगरावानं ते ऐकलं आणि पुन्हा विचारलं नाही. दोघांनीही आपापले गोळे बंद करून वरून झकास काळा रंग मारला.

गावातल्या रस्त्यावर गाडी पाण्यासारखी पळाली. दोन दिवसांनी आम्ही आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि डोंगराकडे निघालो. रंगराव चालवायला, मी आणि जयसिंग मागे. ओढा ओलांडला, जंगल सुरू झालं, आणि निम्म्या वाटेवर घसरडीचा चढ आला. नावाप्रमाणेच तो आहे, सगळा सुटा मुरूम आणि मध्ये मध्ये कातळ. रंगरावानं पुढची चाकं जुंपायचा दांडा ओढला.

जीप थोडी चढली आणि मग तिला काय झालं कोण जाणे. सगळं अंग झटके द्यायला लागलं. पुढून काहीतरी करकरलं, मागून काहीतरी आपटलं, आणि इंजिन म्हशीसारखं हंबरून बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. आईनं समोरची दांडी घट्ट धरली होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा रंगरावानं गाडी तशीच उलटी खाली घेतली. आई समोर डोंगराकडे बघत राहिली.

मिस्त्रीनं दोन्ही गोळे उघडले, बोट फिरवून दाते मोजले आणि कपाळावर हात मारला. पुढं त्रेचाळीस, मागं एकोणचाळीस.

“अहो, पुढची चाकं एका चालीनं, मागची दुसऱ्या चालीनं,” तो मला म्हणाला, कारण त्या दोघांकडे बघून बोलण्यात अर्थ नाही हे त्यालाही कळलं होतं. “सपाटीला मागचीच चाकं ओढत्यात, तवा काय कळत न्हाई. चारी जुंपली की एकमेकाला अडवत्यात. कुठलंबी एक बदला. दुसऱ्यासारखं करा. झालं काम.”

कुठलंही एक. आता ते कुणाचं?

“त्याला सांग बदलाय,” रंगराव म्हणाला.

“त्याला सांग,” जयसिंग म्हणाला. “मी आधी बसीवलंय.”

मी सांगितलं, सांगून सांगून घसा कोरडा केला, दोघांच्या बायकांना सांगितलं. जीप तशीच उभी राहिली. तांबडी कोंबडी परत यायला लागली. आणि त्यातच भैरू सांगत आला की मामानं अन्न टाकलंय. घास पुढं केला की तोंड भिंतीकडे फिरवतो, निसतं पाणी घेतो.

आईनं त्या दिवशी जीपकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाली, “गडहिंग्लजला तो डॉक्टर गुडघ्यात सुई मारतोय न्हवं? मला घेऊन चल. मी चालत जाते.”

मारलेल्या सुईनं कासारसडा चढता येत नाही हे तिलाही कळत होतं आणि मलाही. पण तिला नाही म्हणायला माझ्यात बळ नव्हतं. एसटीनं तिला घेऊन गेले, नणंदेकडे मुक्काम केला, सुया झाल्या. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर जिना चढायचा नाही. आई त्यांना म्हणाली, जिना कुठं हाय आमच्याकडं.

परत आलो तर रंगराव स्टँडवर उभा. माझ्या हातातली पिशवी घेऊन चालता चालता हळूच म्हणाला, “आक्का, गाडी उद्या चढंल. काय केलं ते इचारू नको. आणि त्याला सांगू नको.”

संध्याकाळी कारखान्यातून सुटून जयसिंग माझ्या चुलीपाशी येऊन बसला. “आईला उद्या तयार ठेव. आता गाडी अडायची न्हाई. त्याला मातूर काय बोलू नको.”

मी मनात म्हटलं, पांडुरंगा, पोरांनी मिळून काहीतरी केलं एकदाचं, आणि आता सांगायला लाजतायत. आईला तसं सांगितलंही. तिनं एवढंच विचारलं, “बोलले व्हय दोघं?” मी म्हटलं, बोललेच असणार, त्याशिवाय हे काम होतंय का.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. आईनं धुतलेलं पातळ नेसलं होतं. ओढा झाला, जंगल झालं, घसरडीचा चढ आला. रंगरावानं दांडा ओढला, आणि मागं वळून जयसिंगाकडे नाही पण जयसिंगाच्या बाजूला असलेल्या झाडाकडे एकदा बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मला कधी नव्हे ते थोडं हसू दिसलं. मागं जयसिंगही असाच, मोठ्या खात्रीनं मांडी ठोकून बसलेला.

जीप थोडी चढली. मग पुढून करकरली, मागून आपटली, झटक्यावर झटके, आणि हंबरून बंद. हुबेहूब मागच्या वेळेसारखी.

जयसिंगानं उडी टाकली आणि मागच्या चाकाला दगड लावला. रंगराव हँडब्रेक ओढून खाली उतरला. त्याचा चेहरा असा, जणू कुणी तोंडात मारली.

“आक्का, इचार त्याला. त्यानं मागं हात लावलाय का?”

“लावला तर काय झालं?” जयसिंग दगडाशी बसूनच म्हणाला. “त्याला इचार, त्यानं पुढं हात लावलाय का?”

मी एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. “रंगू, पुढं हात लावलायस?”

रंगराव फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छच होते. “लावला,” म्हणाला.

“काय केलंस?”

“त्याच्यासारखं केलं. एकोणचाळीस दातांचं आणून बसीवलं. तुम्ही गडहिंग्लजला असताना, त्यो ड्युटीवर गेल्यावर.”

जयसिंग दगडावर हात ठेवून तसाच बसला होता. “आक्का, त्याला सांग...” म्हणाला आणि थांबला. मग जमिनीकडे बघत म्हणाला, “मी त्रेचाळीसचं बसीवलं. त्याच्यासारखं. ड्युटीवरनं आल्यावर.”

मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. एवढी वर्षं कुणी कुणापुढे वाकायला तयार नव्हतं, आणि वाकले तर दोघंही एकाच वेळेला, चोरून. पुढचं मागं गेलं, मागचं पुढं आलं, आणि जीप होती तिथंच राहिली.

“हसू नको शालन,” आई सीटवरून म्हणाली. “हसायसारखं काय न्हाई ह्यात.”

तिचा आवाज ऐकून मी पदरानं डोळे पुसले.

“तुम्हाला वाटतंय, गुडघं दुखत्यात म्हणून मी माह्यारला जात न्हाई,” ती समोरच्या काचेकडे बघत बोलत होती. “गुडघं आत्ता आत्ता धरलं. तुमचं आप्पा गेलं तवा वड्याला पूर हुता. सड्याचं कोण खाली आलं न्हाई. तेराव्याला भावानं लुगडं घेऊन यायाचं असतंय, भनीच्या अंगावर घालायचं असतंय. माझा भाऊ आला न्हाई. शेजारच्या बाईच्या भावानं मला लुगडं घातलं, समद्या पाव्हण्यांसमोर. पाणी उतरल्यावर दादा आला. काखेत लुगडं. तुम्ही तिघंबी रानात भांगलणीला गेलेला. मी चुलीम्होरनं उठलेच न्हाई. आतनंच म्हटलं, दिवस झालं, आता मला नको. त्यो पाणीबी न पिता उठून गेला.”

 मला हे काहीच ठाऊक नव्हतं. गौरी आली की आई म्हणायची, गुडघे बरे नाहीत, पुढच्या वर्षी बघू. आणि आम्ही बघू म्हणायचो.

“त्यो बोलंल म्हणून मी थांबले, मी बोलंन म्हणून त्यो थांबला. आता त्यो अन्न सोडून पडलाय. मला दातं-बितं काय कळत न्हाई. मला वर न्या.”

रंगरावानं पुढच्या चाकांचा दांडा सोडवला. आता जोर फक्त मागच्या चाकांना होता. जयसिंगानं काही न सांगताच मोठाले दगड उचलून मागं भरायला सुरुवात केली, वजनानं चाकं धरतील म्हणून. मग ठरलं ते असं की रंगरावानं गाडी थोडी चढवायची, आणि ती थांबली की मी एका चाकाला आणि जयसिंगानं दुसऱ्या चाकाला दगड लावायचा.

पहिल्या खेपेला गाडी जराशी चढून थांबली. “आक्का, त्याला इचार, दगड लागला का?” रंगराव ओरडला.

“जया, दगड लागला का?”

“अजून न्हाई म्हणावं, ब्रेक सोडू नको म्हणावं.”

मी ते सांगायला तोंड उघडेपर्यंत रंगरावाचा पाय सुटला आणि जीप मागं आली. जयसिंगानं अंग चोरलं म्हणून वाचला. दगड चाकाखाली भरडून गेला. आई आतून एवढंच म्हणाली, “तिला मधी घालू नका. माझी दोन पोरं हायत, मला दोन पायजेत.”

दुसऱ्या खेपेला गाडी थांबली तेव्हा थोडा वेळ नुसता इंजिनाचा आवाज येत राहिला. मग पुढून रंगरावानं विचारलं, “लागला?” त्यानं कुणाचं नाव घेतलं नाही.

“लागला,” जयसिंग म्हणाला.

“सोडू?”

“थांब जरा. ...हां. सोड दादा.”

मी माझ्या चाकाशी वाकलेली होते, म्हणून माझं तोंड कुणाला दिसलं नाही. तो चढ आम्ही तसाच चढलो. ‘दादा, डावीकडं घे’, ‘दादा, हितं कातळ हाय’, ‘जया, हात संभाळ रं’, असं सगळं कानावर येत होतं आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. माथ्यावर पोचलो तेव्हा दोघांचे शर्ट घामानं अंगाला चिकटलेले, आणि जयसिंगाच्या दोन बोटांची सालटं निघालेली. रंगरावानं ती बघितली आणि आपलं फडकं पुढं केलं.

मामाच्या घरापुढं गाडी थांबायच्या आधीच त्याची सून धावत बाहेर आली. आईला उतरवता उतरवता एका दमात सांगायला लागली, “आत्ती, तुम्ही मागं एकदा आलता न्हवं? गाडीचा आवाज वर ऐकाय आला. मामंजी उठून बसलं. मला म्हणालं, दाजीची गाडी हाय, सगू आली. मला पाणी तापवाय लावलं, आंघुळ केली, पटका बांधला. आणि मग आवाज खाली खाली जात बंद झाला. तवापासनं त्येंनी घास घेतला न्हाई.”

आईचा हात माझ्या दंडावर होता. तो एकदम जड झाला.

मामा पुढच्या सोप्यात खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई आत गेली, खाटेच्या कडेला बसली. त्यानं मान वळवली नाही.

“आज आलीस व्हय वरपतूर,” तो म्हणाला.

“आले.”

“त्या दिवशी अर्ध्यातनं गेलीस. मला वाटलं, वाटंत तुझा राग परत आला.”

“राग न्हाई दादा. गाडी बिघडली हुती.”

“कुणी बिघडिवली?”

आईनं उंबऱ्याकडे बघितलं. तिथं रंगराव आणि जयसिंग एकमेकांना लागून उभे होते.

“पोरांनी,” ती म्हणाली. “पर आज त्येंनीच आणली.”

मामानं हळूहळू कूस बदलली. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, डोळे मात्र आईसारखेच. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.  मग आई म्हणाली, अगदी नेहमीच्या, थोड्या कुरकुरत्या आवाजात:

“माझं लुगडं दे.”

मामानं सुनेला खूण केली. तिनं खाटेखालची ट्रंक ओढली आणि तळातून लुगडं काढलं. गडद तपकिरी, घडीवर पिवळा पडलेला डाग, एका कोपऱ्याला कसर लागून भोकं पडलेली. सून ते मागं घ्यायला लागली, म्हणाली, आत्ती, दुसरं नवं हाय घरात. आईनं नको म्हणून मान हलवली.

मामाला बसतं केलं. त्याचा एक हात उचलत नव्हता. दुसऱ्या हातानं त्यानं लुगडं ओढून आईच्या डोक्यावर आणि खांद्यावर घातलं. ते घसरलं, त्यानं परत घातलं. हात तसाच तिच्या डोक्यावर राहिला. आणि जे त्या तेराव्याला बोलायचं होतं ते तो बोलला.

“दाजी चांगला मानूस हुता गं, सगू.”

आप्पांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि आई भिंतीला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसली होती. बायका म्हणायच्या, हिला रडवा, नाहीतर जिवाला लागेल. ती रडली नव्हती. त्या दिवशी मामाच्या सोप्यात ती गळा काढून रडली, आप्पांचं नाव घेऊन, आप्पा आत्ताच गेलेत अशी. मी पुढं व्हायला लागले तर रंगरावानं मला धरलं, आणि जयसिंग हळूच म्हणाला, “ऱ्हाऊ दे आक्का.” आम्ही तिघं उंबऱ्यात बसलो आणि तिला रडू दिलं.